हातानं सर्व्हर बसवणं आम्ही बंद केलं, त्याची गोष्ट

सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्यानंतर सुरक्षेचे अपडेट येणार नव्हते, म्हणजे त्यावर चालणारे आमचे सगळे सर्व्हर नव्यानं उभे करणं भाग होतं. हे काम हातानं करायचं नाही, एवढं आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. जुन्या सर्व्हरांची अवस्था डोळ्यांसमोर होती. एकाच कामासाठी शेजारी शेजारी बसवलेल्या दोन मशीनवर पार्टिशनची मांडणी वेगळी. एकावर वेळ जुळवणारी सेवा चालू, दुसऱ्यावर बंद. एकीकडे लॉग दर आठवड्याला गुंडाळले जायचे, दुसरीकडे डिस्क भरेपर्यंत वाढत राहायचे. कुणी मुद्दाम काही बिघडवलं नव्हतं. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी, इन्स्टॉलरच्या त्याच प्रश्नांना आपापल्या समजुतीनं उत्तरं दिली होती, इतकंच.

आम्हाला हवं होतं ते असं: सर्व्हर रॅकमध्ये बसवला, केबल जोडल्या, वीज दिली, की पुढे कुणी कीबोर्डला हात लावायचा नाही. मशीन आपलं आपण इन्स्टॉल व्हावं, स्वतःचं नाव घ्यावं, आणि कामाला लागावं.

याच्या दोन वाटा आहेत. पहिलीत इन्स्टॉलर नेहमीचाच, फक्त तो जे विचारणार त्याची उत्तरं आधीच एका फाइलीत लिहून ठेवायची. रेडहॅट घराण्यात या फाइलीला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, सुसेमध्ये ऑटोयास्ट, आणि उबुंटू सर्व्हरनं २०.०४ पासून ऑटोइन्स्टॉल आणलं. दुसऱ्या वाटेत इन्स्टॉलर चालतच नाही. एकदा तयार केलेली डिस्कची इमेज जशीच्या तशी नव्या डिस्कवर उतरवायची आणि पहिल्या बूटला त्या मशीनपुरते बदल करून घ्यायचे. क्लाउडमध्ये सर्रास हेच होतं.

आम्ही दोन्ही वाटा जोडल्या. इमेज वापरायची, पण ती इमेज दर वेळी कोऱ्या डिस्कवर, उत्तरांच्या फाइलीपासून, स्क्रिप्टनं बनवायची. कुणीतरी एक मशीन नीट सजवायचं, त्याची डिस्क कॉपी करायची आणि तीच पुढे वर्षानुवर्षं वापरायची, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. सहा महिन्यांनी त्या डिस्कमध्ये काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही, आणि ती पुन्हा बनवायची म्हटलं तर हातात काहीच नसतं. इमेज हरवली तरी चालेल, ती बनवायची कृती गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, असली पाहिजे, या एका गोष्टीवर आम्ही अडून राहिलो. नव्या सेवांसाठी उबुंटू २४.०४ आणि काही जुन्या प्रोग्रॅमांसाठी रेडहॅटच्या वळणाचं रॉकी लिनक्स ९, अशी दोन घराणी ठरली.

उत्तरांची फाइल लिहिताना सगळ्यात जास्त डोकं लागलं ते डिस्कसाठी. भाषा, टाइमझोन, कीबोर्ड हे पाच मिनिटांत होतं. डिस्क कुठली पुसायची, हे सांगताना मात्र हात थांबतो. 'एसडीए' हे डिस्कचं नाव कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्क सापडतील त्या क्रमानं देतो. एखाद्या मशीनमध्ये अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं रेड कार्ड असलं किंवा मागच्या बाजूला पेनड्राइव्ह राहिला असला, की हा क्रम बदलू शकतो. किकस्टार्टमध्ये 'क्लिअरपार्ट ऑल' लिहिलं की इन्स्टॉलर दिसेल ती प्रत्येक डिस्क साफ करायला मोकळा असतो. म्हणून डिस्क नेहमी तिच्या कायमच्या ओळखीवरून निवडायची असा नियम केला. किकस्टार्टमध्ये 'बाय-आयडी'च्या वाटेनं नेमकी एक डिस्क देता येते. ऑटोइन्स्टॉलमध्ये अनुक्रमांक, मॉडेल किंवा आकार यांवरून जुळवता येतं. त्यापुढे जाऊन आम्ही इन्स्टॉलर सुरू होण्याआधी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट घातली. डेटाच्या पार्टिशनांना आम्ही ठरलेलं लेबल देतो. ते लेबल निवडलेल्या डिस्कवर दिसलं, की स्क्रिप्ट इन्स्टॉलेशन तिथल्या तिथे थांबवते.

ऑटोइन्स्टॉलमध्ये एक सुरक्षा आधीच आहे आणि ती मला फार आवडली. बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत 'ऑटोइन्स्टॉल' हा शब्द नसेल, तर उत्तरांची फाइल सापडूनही इन्स्टॉलर डिस्कला हात लावण्याआधी थांबतो आणि पुढे जाऊ का, असं विचारतो. शब्द असला तरच तो न विचारता पुढे जातो.

त्याच ओळीत नवख्या माणसाला हमखास अडवणारी एक जागा आहे. फाइली कुठून घ्यायच्या हे सांगताना 'डीएस=नोक्लाउड', मग अर्धविराम, मग 'एस=' आणि पत्ता, असं लिहावं लागतं. ही ओळ कर्नलला देतो तो ग्रब हा बूट प्रोग्रॅम, आणि ग्रबच्या भाषेत अर्धविराम म्हणजे आज्ञा संपली. त्यामुळे पुढचा पत्ता कर्नलपर्यंत पोचतच नाही, आणि इन्स्टॉलर कुठलीही तक्रार न करता भाषा निवडायच्या पडद्यावर येऊन बसतो. नेटवर्क तपासा, वेब सर्व्हर तपासा, सगळं ठीक. अशा वेळी दुसऱ्या कन्सोलवर जाऊन 'प्रॉक'मधली 'सीएमडीलाइन' वाचावी. कर्नलला खरोखर काय मिळालं ते तिथे दिसतं, आणि अर्धविरामानंतरचा भाग गायब आहे हे एका नजरेत कळतं. तो भाग अवतरणचिन्हांत घातला किंवा अर्धविरामाआधी उलटी तिरपी रेघ दिली, की काम होतं.

आता नेटवर्कवरून बूट, म्हणजे पीएक्सई. इंटेलची ही पद्धत जुनी आहे, पण जवळपास प्रत्येक सर्व्हरच्या नेटवर्क कार्डात ती आजही असते. मशीन चालू झालं की डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, आयपी मागतं आणि सोबत बूटची फाइल कुठून घ्यायची तेही विचारतं. आपण जुन्या बायोस फर्मवेअरचे की नव्या यूईएफआयचे, हे ते त्या मागणीतच ९३ क्रमांकाच्या पर्यायात सांगतं, आणि त्याप्रमाणे वेगळी फाइल द्यावी लागते. फाइल येते टीएफटीपीनं. हा प्रोटोकॉल फार साधा आहे: ५१२ बाइटचा एक तुकडा पाठवायचा, त्याची पोच मिळाली की पुढचा. तुकडा मोठा करायची सोय नंतर आली, तरी शेकडो एमबीची इमेज याच्यावरून आणणं शहाणपणाचं नाही. म्हणून टीएफटीपीवरून फक्त आयपीएक्सई या बूट प्रोग्रॅमची लहानशी फाइल द्यायची आणि पुढचं सगळं आयपीएक्सईनं एचटीटीपीवरून आणायचं, हा सगळीकडचा रिवाज आम्हीही पाळला. यात एक खबरदारी घ्यावी लागते. आयपीएक्सई सुरू झालं की तेही डीएचसीपीला विचारतं, आणि त्याला पुन्हा आयपीएक्सईचीच फाइल मिळाली तर ते स्वतःलाच चालू करत गोल फिरत राहतं. ते आपल्या मागणीत 'यूजर क्लास' म्हणून स्वतःचं नाव घालतं. ते नाव दिसलं की डीएचसीपीनं फाइलीऐवजी स्क्रिप्टचा पत्ता द्यायचा.

पहिल्या रॅकमध्ये मशीनं डीएचसीपीचं उत्तर न मिळाल्यामुळे थांबत होती. डीएचसीपी सर्व्हरच्या लॉगमध्ये मागणी पोचल्याची खूणसुद्धा नव्हती. त्याच केबलला लॅपटॉप लावला, की थोड्या वेळानं का होईना, आयपी मिळायचा. त्या थोड्या वेळातच उत्तर दडलेलं होतं. पोर्ट जिवंत झालं की स्विचमधला स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये पॅकेट गोल फिरू न देणारी व्यवस्था, आधी १५ सेकंद नुसतं ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो, आणि या ३० सेकंदांत आपलं एकही पॅकेट पुढे सोडत नाही. लॅपटॉप धीरानं विचारत राहतो. नेटवर्क कार्डातलं फर्मवेअर तेवढं थांबत नाही. शिवाय पीएक्सईकडून आयपीएक्सईकडे आणि तिथून कर्नलकडे जाताना कार्ड दर वेळी नव्यानं सुरू होऊ शकतं, म्हणजे ती ३० सेकंदं पुन्हा पुन्हा मोजावी लागतात. सर्व्हर जोडलेली पोर्ट 'एज' म्हणून जाहीर केली, तिथं दुसरा स्विच येणार नाही असं स्विचला सांगितलं, आणि मशीनं लगेच बोलायला लागली.

बूटच्या बाबतीत सगळ्यात गंभीर धोका वेगळाच आहे. ज्या मशीनचं पहिलं बूट साधन नेटवर्क आहे आणि ज्याला नेटवर्कवरून कायम इन्स्टॉलर मिळतो, ते मशीन दर रीबूटला स्वतःची डिस्क पुसून नव्यानं इन्स्टॉल होतं. वीज जाऊन आली, की चालता सर्व्हर कोरा. म्हणून आमच्या बूट सर्व्हरचं ठरलेलं उत्तर 'तुझ्या डिस्कवरून उठ' हेच आहे. इन्स्टॉलर फक्त त्याच मशीनला मिळतो, ज्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाची ओळख, कुणीतरी जाणूनबुजून यादीत घातला आहे. इन्स्टॉलेशन पूर्ण झालं की शेवटच्या पायरीत मशीन बूट सर्व्हरला कळवतं आणि यादीतलं नाव निघतं. कळवायचं राहिलं तरी परवानगीची मुदत काही तासांत आपोआप संपते. मशीनला दुरून चालू करताना आयपीएमआय या दूरनियंत्रणाच्या सोयीमधूनसुद्धा पीएक्सई फक्त पुढच्या एका बूटपुरतंच निवडतो. ही सगळी व्यवस्था उभी राहिली, तपासून झाली, त्यानंतरच खऱ्या डेटाच्या जवळ असलेल्या मशीनला हे जोडलं. जो कुणी हे काम हाती घेईल त्यानं हा क्रम बदलू नये, असं मी कळकळीनं सांगेन.

इमेज बनवायला पॅकर घेतलं. हाशीकॉर्पनं २०१३ मध्ये आणलेलं हे साधन क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोऱ्या डिस्कचं मशीन उभं करतं, इन्स्टॉलरचा आयएसओ लावतं, आणि बूटची ओळ चक्क व्हीएनसीमधून, म्हणजे दुरून पडदा आणि कीबोर्ड वापरायच्या सोयीतून, एकेक कळ दाबून टाइप करतं. माणूस बसल्यासारखंच. बनवणाऱ्या सर्व्हरवर इतर कामं चालू असली आणि ग्रबचा पडदा यायला उशीर झाला, की पहिल्या काही कळा हवेत जातात आणि ओळ अर्धवट पडते. यावर चांगला उपाय म्हणजे टाइप करायचं कामच कमी करणं. उत्तरांच्या फाइली 'सीआयडेटा' असं लेबल असलेल्या एका छोट्या सीडीवर घालून मशीनला लावता येतात, आणि उबुंटूचा इन्स्टॉलर त्या आपण होऊन शोधतो. मग पत्ता नको, अर्धविराम नको. टाइप करायला उरतो तो 'ऑटोइन्स्टॉल' हा एकच शब्द.

रॉकी ९ ला इथेच एक वेगळी अडचण आली. मशीन उठतानाच कर्नल पॅनिक देऊन थांबायचं. रेडहॅटच्या ९ व्या आवृत्तीपासून प्रोसेसरला एक्स८६-६४ ची दुसरी पातळी लागते, आणि क्यूईएमयूचं न सांगता मिळणारं प्रोसेसर मॉडेल त्या पातळीचं नसतं. खरा प्रोसेसर नवाकोरा असला तरी आतल्या मशीनला तो दिसतच नाही. मॉडेल 'होस्ट' केलं की प्रश्न मिटतो.

इन्स्टॉलेशननंतर पॅकर एसएसएचनं, म्हणजे दुरून लॉगिन करून, आत शिरतं आणि मशीनच्या सेटिंग लावणाऱ्या अ‍ॅन्सिबलला काम देतं. आत शिरता आलं म्हणून मशीन तयार झालं, असं मात्र समजू नये. मागे क्लाउड-इनिट, म्हणजे पहिल्या बूटची कामं करणारा प्रोग्रॅम, अजून चालू असतं, पॅकेजांचे आपोआप होणारे अपडेट सुरू झालेले असतात, आणि आपण पॅकेज बसवायला गेलो की पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीचं कुलूप दुसऱ्याकडे असल्याचा निरोप येतो. तोही कधी येतो, कधी येत नाही. असा अधूनमधून येणारा दोष माणसाचा सगळ्यात जास्त वेळ खातो. आमच्या स्क्रिप्टची पहिली पायरी आता क्लाउड-इनिट पूर्ण होईपर्यंत थांबणं ही आहे, आणि इमेज बनत असताना ते आपोआप होणारे अपडेट बंद असतात.

इमेजमध्ये काय घालायचं यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं ते असं. सगळ्या मशीनवर जे सारखं असतं, म्हणजे अपडेट झालेली पॅकेजं, कर्नलच्या सेटिंग, वेळ जुळवणारं क्रोनी, लॉग पाठवणारा एजंट, आमच्या अंतर्गत प्रमाणपत्रांचं मूळ, ते इमेजमध्ये. मशीनगणिक जे बदलतं, म्हणजे नाव, आयपी, कुठल्या गटात जायचं, ते पहिल्या बूटला. गुपितं या दोन्हींत नाहीत. इमेजची फाइल अनेक हातांतून जाते, आणि पहिल्या बूटला दिलेला यूजर-डेटा मशीनवरच पडून राहतो. बऱ्याच क्लाउडमध्ये तर मशीनवरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला तो १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावर विचारता येतो. पासवर्ड आणि टोकन मशीन आपली ओळख पटवल्यानंतरच वेगळ्या तिजोरीतून घेतं.

आणि मग इमेजमध्ये राहिलेल्या मूळ मशीनच्या खुणा पुसणं. या कामातला सगळ्यात शिकवणारा भाग माझ्यासाठी हाच होता.

पहिल्या उबुंटू इमेजमधून चाचणीसाठी दोन मशीनं एकदम उठवली होती. दोन्हींचे मॅक पत्ते वेगळे. एसएसएच केलं तर कधी हे मशीन उघडायचं, कधी ते, आणि मधेच जोडणी तुटायची. माझा सहकारी डीएचसीपीचा लॉग वाचत होता. तो म्हणाला, "अगं, या दोघांना एकच आयपी गेलाय. मॅक वेगळा आहे, पण क्लायंट आयडी सारखाच आहे बघ."

डीएचसीपी सर्व्हर मागणाऱ्याला ओळखतो तो आधी क्लायंट आयडीवरून, आणि तो नसेल तर मॅकवरून. सिस्टमडीचा, म्हणजे लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, नेटवर्क सांभाळणारा भाग हा आयडी बनवताना मशीन-आयडीचा आधार घेतो. इटीसी फोल्डरमधल्या या फाइलीत ३२ हेक्स अंकांची एक ओळ असते. ती इन्स्टॉलेशनच्या वेळी एकदाच ठरते आणि इमेजबरोबर प्रत्येक प्रतीत जाते. म्हणजे डीएचसीपीच्या दृष्टीनं ही दोन मशीनं नव्हतीच, एकाच मशीननं पुन्हा पत्ता मागितला होता.

उपाय म्हणून ती फाइल काढून न टाकता रिकामी करून ठेवायची. रिकामी फाइल दिसली की सिस्टमडी पहिल्या बूटला नवा आयडी लिहितं. एवढ्यावर भागत नाही. प्रोग्रॅमांमधले निरोप पोचवणाऱ्या डीबसचीही अशीच एक फाइल 'व्हार'मध्ये असते. ती मूळ फाइलीकडे बोट दाखवणारी लिंक असेल तर ठीक, पण तिथं खरी प्रत राहिली असेल तर सिस्टमडी नवा आयडी न बनवता तीच जुनी ओळ पुन्हा उचलतं. मशीन-आयडी रिकामा करूनही तोच परत येतोय असं कुणाला दिसलं, तर आधी तिथे बघावं. नेटप्लॅनमध्ये, म्हणजे उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये, ओळख मॅकवरून दे असं सांगून आयपीचा प्रश्न मिटवता येतो, पण त्यानं मूळ सारखेपणा जात नाही. जर्नलचे लॉग याच आयडीखाली साठवले जातात, आणि एका ठिकाणी गोळा केलेल्या लॉगमध्ये दोन मशीनं एक होऊन बसतात.

त्याच दुपारी एसएसएचच्या होस्ट किल्ल्यांकडे लक्ष गेलं. सर्व्हर जोडणाऱ्याला आपली ओळख पटवतो तो या किल्ल्यांनी. त्याही इमेजबरोबर सगळीकडे जातात. सगळ्या सर्व्हरांची खासगी किल्ली एकच असेल, तर ज्याच्या हाती एक सर्व्हर लागला तो बाकी कुठल्याही सर्व्हरचं सोंग घेऊ शकतो, आणि जोडणाऱ्याला कसलाही इशारा मिळत नाही. किल्ली सारखी असणं जितकं घातक, तितकंच ती ओळखता येण्याजोगी असणंही. २००८ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजातला दोष उघड झाला तेव्हा हे सगळ्या जगानं पाहिलं. त्या पॅकेजातून निघणाऱ्या किल्ल्यांचा वेगळेपणा फक्त प्रोसेसच्या क्रमांकावर अवलंबून होता, म्हणजे एका प्रकारच्या मशीनवर एका लांबीच्या किल्लीला ३२,७६८ शक्यता. म्हणून किल्ल्या पुसताना सिस्टमडीनं साठवलेली यादृच्छिक बीजाची फाइलही आम्ही पुसतो, नाहीतर सगळी मशीनं एकाच बीजापासून सुरुवात करतात. किल्ल्या पुसल्यावर त्या पुन्हा कोण बनवणार, हे मात्र पाहून ठेवावं लागतं. क्लाउड-इनिट असेल तर ते बनवतं, रॉकीमध्ये त्यासाठी वेगळी सेवा आहे. पण क्लाउड-इनिट नसलेल्या साध्या डेबियनमध्ये त्या आपोआप बनत नाहीत, एसएसएच सुरूच होत नाही, आणि कन्सोलशिवाय मशीनपर्यंत पोचता येत नाही.

बाकीचं पुसणं सरळ आहे: लॉग, शेलचा इतिहास, डीएचसीपीच्या जुन्या लीज, पॅकेजांचा साठा, बनवण्यापुरता घातलेला यूजर, आणि क्लाउड-इनिटची स्वतःची स्थिती. व्हर्ट-सिसप्रेप हे साधन यातलं बरंच काही एका फटक्यात करतं. शेवटी रिकाम्या जागेवर ट्रिम चालवून इमेज दाबली, की फाइल खूप लहान होते.

पहिल्या बूटचं काम क्लाउड-इनिटचं. ते मेटा-डेटामधला इन्स्टन्स-आयडी पाहतं. तो आधीचाच असेल तर एकदाच करायची कामं पुन्हा करत नाही, बदलला असेल तर हे नवं मशीन समजून सगळं पहिल्यापासून करतं. यूजर-डेटाची पहिली ओळ 'क्लाउड-कॉन्फिग' अशी, आधी हॅशचं चिन्ह लावून, असावीच लागते. ती नसेल तर पूर्ण फाइल बाजूला पडते आणि मशीन कुठल्याही बदलाविना उठतं. यूजर-डेटा पाठवण्याआधी क्लाउड-इनिटच्याच स्कीमा तपासणीतून काढला, तर यॅमलमधल्या चुकलेल्या मोकळ्या जागाही तिथेच सापडतात. डिस्क वाढवायचं कामही तेच करतं: इमेज लहान ठेवायची, आणि पहिल्या बूटला रूट पार्टिशन मिळालेल्या डिस्कभर पसरतं. अट एवढीच, की रूट पार्टिशन शेवटचं हवं. त्याच्यामागे स्वॅप, म्हणजे मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा, ठेवला की वाढायला जागाच नाही. म्हणून आम्ही स्वॅपचं पार्टिशन काढून साधी फाइल केली.

व्हर्च्युअल मशीनवर नीट चालणारी इमेज खऱ्या लोखंडावर उतरवताना पुन्हा काही गोष्टी समोर आल्या. रॉकीमध्ये ड्रॅकट हे साधन इनिटरॅमएफएस बनवतं, म्हणजे रूट डिस्क सापडेपर्यंत कर्नलला लागणाऱ्या ड्रायव्हरांचा छोटा संच, आणि ते मुळात ज्या मशीनवर बनतं त्याच मशीनचे ड्रायव्हर त्यात घालतं. क्यूईएमयूमध्ये बनवलं की आत फक्त व्हर्टआयओ, म्हणजे व्हर्च्युअल मशीनचे ड्रायव्हर. खऱ्या सर्व्हरवर कर्नल सुरू होतो, पण रेड कार्डाचा ड्रायव्हर नसल्यामुळे त्याला रूट डिस्क सापडत नाही, आणि बऱ्याच वेळानं ड्रॅकटचं आणीबाणीचं शेल उघडतं. होस्टपुरतं बनवायची सेटिंग बंद करून इनिटरॅमएफएस नव्यानं बनवलं, की सगळे ड्रायव्हर येतात. डेबियन आणि उबुंटूमध्ये मुळातच बहुतेक ड्रायव्हर घातलेले असतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न आला नाही.

यूईएफआयची गोष्ट वेगळी. इन्स्टॉलर बूटची नोंद मदरबोर्डवरच्या मेमरीत करतो, आणि ती नोंद काही डिस्कच्या इमेजबरोबर येत नाही. अशा वेळी फर्मवेअर 'बूटएक्स६४' ही ठरलेली फाइल शोधतं, म्हणून ती इएफआय पार्टिशनवर असेल याची खात्री करून घ्यावी लागते. शिवाय इमेज ५१२ बाइटच्या सेक्टरवर बनलेली असेल, तर ती ४,०९६ बाइट सेक्टरच्या डिस्कवर चालत नाही. जीपीटीचा, म्हणजे पार्टिशनांच्या यादीचा, मथळा दुसऱ्या सेक्टरमध्ये असतो. मोठ्या सेक्टरच्या डिस्कवर फर्मवेअर तो ४,०९६ व्या बाइटपासून शोधतं, आणि आपल्या इमेजमध्ये तो ५१२ व्या बाइटपासून असतो. अशी काही मशीनं आमच्याकडे होती. त्यांना इमेज न देता थेट उत्तरांच्या फाइलीनं इन्स्टॉल करायचं ठरवलं. त्याच फाइली आणि तेच अ‍ॅन्सिबल असल्यामुळे शेवटी तयार होणारं मशीन वेगळं नसतं.

आता इमेज दर आठवड्याला आपोआप बनते. नावात तारीख आणि गिटमधला कमिट असतो, सोबत शा-२५६ चा चेकसम आणि सही. बनली की लगेच तिच्यातून दोन मशीनं एकदम उठवून स्क्रिप्ट त्यांची तुलना करते. पॅकेजांची यादी आणि कर्नल तंतोतंत सारखे हवेत. आयपी, मशीन-आयडी आणि होस्ट किल्लीचा ठसा वेगळे हवेत. डिस्क पूर्ण पसरलेली हवी, वेळ जुळलेली हवी, आणि एकदा रीबूट केल्यावर यातलं काही बदलता कामा नये. एकही गोष्ट चुकली तर ती इमेज पुढे जात नाही, आधीचीच वापरात राहते. अपडेट म्हणजे चालत्या मशीनवर पॅकेज बदलणं, ही सवय मोडायला वेळ लागला. तातडीची दुरुस्ती अजूनही अ‍ॅन्सिबलनं थेट जाते, पण तीच ओळ त्याच दिवशी इमेजच्या कृतीत गेली पाहिजे असा नियम आहे, आणि मंडळी तो पाळतात.

एक गोष्ट अजून बाकी आहे. आमची स्वतः बांधलेली आयपीएक्सईची फाइल मायक्रोसॉफ्टच्या किल्लीनं सही केलेली नाही, त्यामुळे सिक्युअर बूट, म्हणजे सही असलेलेच बूट प्रोग्रॅम चालू देणारी सोय, चालू असलेली मशीनं ती घेत नाहीत. सध्या इन्स्टॉलेशनपुरतं सिक्युअर बूट बंद करावं लागतं आणि नंतर चालू करावं लागतं, म्हणजे तेवढ्यासाठी माणसाचा हात अजून लागतोच. उबुंटू आणि रॉकीबरोबर येणारी सही केलेली शिम (ग्रबला चालू करणारा छोटा प्रोग्रॅम) आणि ग्रबची जोडी आयपीएक्सईऐवजी द्यायची, असं सध्या करून पाहतोय. त्यासाठी मशीनगणिक परवानगीची यादी ग्रबच्या स्क्रिप्टमधून वाचता आली पाहिजे. मॅक पत्त्याच्या नावाची फाइल एचटीटीपीवरून मागवून ते जमतंय असं चाचणीच्या मशीनवर दिसतंय.